भिंतीआडचा हिशेब

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्या कोणी रूढ केली, त्याने राहत्या घराची दुरुस्ती बहुधा काढली नसावी. नवे घर बांधताना माणूस दुसऱ्या छपराखाली सुखाने राहत असतो. दुरुस्तीच्या काळात मात्र एका खोलीत सिमेंटच्या गोणी, दुसऱ्या खोलीत सारा संसार आणि उरलेल्या कोपऱ्यात मुलाची परीक्षा, अशी अवस्था असते. अशा घरात रोज सकाळी चार माणसे घेऊन येणारा जो गृहस्थ, त्याच्या व्यवसायाचा प्रस्तुत लेखात थोडा विचार करावयाचा आहे. त्याला कोणी कंत्राटदार म्हणतात, कोणी ठेकेदार म्हणतात; घरातली वडीलधारी माणसे त्याला अजूनही 'मिस्त्री' म्हणूनच हाक मारतात.

या व्यवसायाला आज मोठे क्षेत्र उपलब्ध आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत शहरोशहरी ज्या सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या, त्या इमारतींचे वय आता तीस-चाळीस वर्षांचे झाले आहे. त्यांतील लोखंडी नळ आतून गंजले आहेत, न्हाणीघरांखालचे जलरोधक थर निकामी झाले आहेत, आणि चार दिवे, तीन पंखे व एक फ्रीज एवढ्याच भाराचा विचार करून टाकलेल्या तारांवर आता वातानुकूलन यंत्र, गीझर, मायक्रोवेव्ह आणि कपडे धुण्याचे यंत्र चालते. कामाला तोटा नाही. व्यवसायात शिरणेही सोपे आहे. विजेच्या कामाला परवानाधारक वायरमन लागतो, महानगरपालिकेच्या नळजोडणीला परवानाधारक प्लंबर लागतो. परंतु गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन आणि रंगारी यांना एकत्र आणून काम पुरे करून देणाऱ्या माणसाला स्वतःची पदवी असावीच लागते असे नाही. भ्रमणध्वनी, ओळखीचे दोन मिस्त्री आणि शेजाऱ्याची शिफारस एवढ्या भांडवलावर अनेकांनी सुरुवात केली आहे.

आणि तितक्याच अनेकांचा व्यवसाय दोन-चार वर्षांत बंद पडला आहे. ग्राहकांना विचारले तर ते सांगतात, "पैसे घेऊन पळाला." कारागिरांना विचारले तर ते सांगतात, "आमची मजुरी बुडवली." बँकेच्या कर्जविभागात बसून या मंडळींची खाती पाहिल्यावर मात्र निराळेच चित्र दिसते. बुडणाऱ्यांमध्ये लबाड माणसे थोडी असतात. पुष्कळसे हाताने चांगले, जिभेने गोड आणि कष्टाळू असतात. ते बुडतात ते एका रकमेचा अर्थ न कळल्यामुळे. ती रक्कम म्हणजे ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कम.

एक खाते, चार घरे

काही वर्षांपूर्वी उपनगरातील एका शाखेत असताना असेच एक कंत्राटदार आमच्याकडे आले होते. मूळचे सुतार. हात इतका चांगला, की आमच्याच एका सहकाऱ्याच्या घरी त्यांनी केलेले कपाट पाहायला लोक जात. कामे वाढली आहेत, तेव्हा खेळत्या भांडवलासाठी दहा लाख रुपये हवेत, असा त्यांचा अर्ज होता. खात्याचा उतारा पाहिला तर उलाढाल खरोखरच उत्तम होती. पण त्याच खात्यातून मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क, गावच्या घराच्या कौलांचा खर्च, लाद्यांच्या व्यापाऱ्याचे पैसे आणि सुतारांची मजुरी, सारे जात होते.

"सध्या किती कामे चालू आहेत?" असे विचारले.

"चार, साहेब."

"प्रत्येकाकडून किती पैसे आले, आणि प्रत्येकाचे किती काम झाले?"

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. मग आम्ही दोघांनी एक कोरा कागद घेतला आणि चारही घरांची नावे लिहून पुढे दोन रकाने काढले : आलेले पैसे आणि झालेल्या कामाची किंमत. तासाभराने बेरीज झाली. चौघांकडून मिळून एकोणीस लाख रुपये आले होते. झालेल्या कामाची किंमत साडेचौदा लाख होत होती. म्हणजे साडेचार लाखांचे काम ते लोकांना देणे लागत होते. खात्यात त्या दिवशी साठ हजार रुपये शिल्लक होते.

उरलेले तीन लाख नव्वद हजार कुठे गेले, हे शोधायला फार वेळ लागला नाही. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी माल वाहण्यासाठी एक जुना टेम्पो रोखीने घेतला होता. बराच वेळ ते त्या कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे साहेब, टेम्पो मी लोकांच्या पैशाने घेतला?"

एवढे स्पष्ट वाक्य मी कर्जविभागात क्वचितच ऐकले आहे. ते वर्ष त्यांना स्वतःच्या आयुष्यातले सर्वांत भरभराटीचे वाटत होते. प्रत्यक्षात पहिल्या घराचे काम दुसऱ्या घराच्या पैशावर, आणि दुसऱ्याचे तिसऱ्याच्या पैशावर चालले होते. नवे काम येत राहते तोवर हे चक्र फिरते आणि कोणालाच काही कळत नाही. एखादा महिना नवे काम आले नाही, की शेवटच्या ग्राहकाच्या घरी तोडलेली भिंत तशीच राहते, आणि मग फोन उचलणे बंद होते. 'पळाला' म्हणतात तो बहुधा असा पळतो.

त्यांना त्या दिवशी दहा लाखांचे कर्ज मिळाले नाही. ते दिले असते तर ते चार घरांच्या अपुऱ्या कामांत जिरले असते आणि परतफेडीचा हप्ता पाचव्या घराच्या आगाऊ रकमेतून गेला असता. कित्येक वर्षे चालणारी वस्तू मुदत कर्जावर घ्यावी, तिची किंमत तिच्याच कमाईतून फेडावी आणि ग्राहकाच्या पैशाला हात लावू नये, एवढे त्यांना पटले. प्रत्येक घरासाठी वेगळी वही घालून सहा महिन्यांनी परत या, असे सांगितले. ते आले. वह्या त्यांच्या पत्नीने लिहिलेल्या होत्या आणि त्या आमच्या काही मोठ्या कर्जदारांच्या हिशेबांपेक्षा स्वच्छ होत्या.

नफा कोठे असतो

या व्यवसायाचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, दोन शयनकक्षांच्या एका सदनिकेचे नूतनीकरण आहे. माल आणि मजुरी मिळून खर्च ६,४०,००० रुपये येईल असा अंदाज निघाला. त्यावर पंचवीस टक्के चढवून कर वगळता ८,००,००० रुपयांचे दरपत्रक दिले. कंत्राटदाराला वाटते, आपल्याला पंचवीस टक्के सुटले. तसे नसते. खर्चावर चढवलेले पंचवीस टक्के म्हणजे विक्रीच्या रकमेवर वीस टक्के. ग्राहकाने घासाघीस करून 'दहा टक्के कमी करा' म्हटले की कमी होतात ते ऐंशी हजार, आणि ते जातात एक लाख साठ हजारांतून. दहा टक्क्यांच्या सवलतीने निम्मा नफा जातो. हे गणित ज्याला तोंडपाठ नाही, त्याने घासाघीस करायला बसू नये.

सवलत दिली नाही असे धरू. देखरेख करणाऱ्या माणसाचा पगार, गाळ्याचे भाडे, वाहन आणि फोन यांचा महिन्याचा खर्च पन्नास हजार आहे आणि एका वेळी दोन कामे चालतात. दोन महिने चाललेल्या कामावर यातले पन्नास हजार पडतात. उरले एक लाख दहा हजार. पुढे न्हाणीघराचे जलरोधन एकदा फसले, लाद्या उखडून काम पुन्हा करावे लागले आणि त्यात पंचेचाळीस हजार गेले. उरले पासष्ट हजार. आता ग्राहकाने 'सारे नीट झाल्याचे पाहून देतो' असे म्हणून शेवटचे दहा टक्के, म्हणजे ऐंशी हजार, रोखून धरले आहेत. हाती आलेले सात लाख वीस हजार, आणि गेलेले सात लाख पस्तीस हजार. काम पुरे झाले, घर देखणे दिसते, शेजारी कौतुक करतात, आणि कंत्राटदाराच्या खिशातून पंधरा हजार गेलेले आहेत. त्याचा सारा नफा त्या शेवटच्या हप्त्यात बसलेला आहे.

म्हणूनच शेवटचा हप्ता वेळेवर मिळणे ही या व्यवसायातील सर्वांत मोठी कला आहे. आणि तो मिळतो की नाही हे पहिल्या दिवशी लिहिलेल्या कागदावर पुष्कळसे अवलंबून असते. हप्ते तारखेला न बांधता कामाच्या टप्प्यांना बांधावेत. तोडफोड व नळ-तारांचे काम पुरे, गिलावा व लाद्या पुऱ्या, सुतारकाम पुरे, रंगकाम पुरे, असे टप्पे ग्राहकाला डोळ्यांनी दिसतात आणि त्यांवर वाद होत नाही. पहिली रक्कम एवढीच मागावी, की पहिल्या टप्प्याचा माल आणि मजुरी भागेल. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी घेतलेले पैसे आणि झालेले काम यांत फारसे अंतर राहू नये. एखाद्या ग्राहकाने घाईने निम्मी रक्कम आधीच देऊ केली तर ती नम्रपणे नाकारणारा कंत्राटदार मी पाहिला आहे. तो आजही व्यवसायात आहे.

आगाऊ रकमेतील सरकारचा वाटा

आगाऊ रक्कम पूर्णतः आपली नसते याचे आणखी एक कारण आहे. वस्तू आणि सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्या कायद्यात माल आणि मजुरीसह केलेले घरदुरुस्तीचे काम ही सेवा समजली जाते, आणि नोंदणीकृत कंत्राटदाराला त्यावर सर्वसाधारणतः १८ टक्के कर आकारावा लागतो. सेवेच्या बाबतीत आगाऊ रक्कम हाती पडली की तिच्यावरील कराचे दायित्वही निर्माण होते. कराचा वेगळा उल्लेख न करता 'सर्व मिळून' म्हणून २,४०,००० रुपये आगाऊ घेतले, तर त्यांतले सुमारे ३६,६०० रुपये मुळात कराचे आहेत. ते प्लायवुडवाल्याला देऊन टाकले की विवरणपत्र भरताना दुसऱ्याच कोणाच्या तरी आगाऊ रकमेकडे हात जातो.

बहुसंख्य राज्यांत सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत नोंदणी बंधनकारक नसते. मागील वर्षीची उलाढाल ५० लाखांपर्यंत असलेल्या लहान सेवा व्यावसायिकाला ६ टक्के दराने एकत्रित कर भरण्याची योजनाही उपलब्ध आहे; मात्र तीत ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि मालावर दिलेल्या कराची वजावटही मिळत नाही. आपल्याला काय सोयीचे, हे सनदी लेखापालाशी बसून ठरवावे. त्याचे शुल्क एका फुटलेल्या वॉश बेसिनहून फारसे अधिक नसते.

'बिल नको, रोख घ्या' असे सुचवणारे ग्राहक सर्वत्र भेटतात. आयकर कायद्यानुसार एकाच व्यवहारापोटी एका व्यक्तीकडून दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, मग ती तुकड्यातुकड्यांनी घेतली तरी; आणि नियम मोडल्यास तेवढाच दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नव्हे. हा नियम १ एप्रिल २०१७ पासूनचा आहे. आग्रह करणारा ग्राहक ही गोष्ट सांगत नाही, कारण त्यालाही ती बहुधा ठाऊक नसते.

लिहून ठेवण्याच्या गोष्टी

भारतीय करार कायदा, १८७२ तोंडी करारालाही मान्यता देतो. पण तोंडी करार सिद्ध करताना दोन्ही पक्षांची स्मरणशक्ती नेमकी विरुद्ध दिशांनी काम करते. दरपत्रकात 'स्वयंपाकघर : एकूण इतके' असे लिहिणे म्हणजे भांडणाचे आमंत्रण होय. ओट्याच्या दगडाची जाडी, प्लायवुड कोणत्या प्रतीचे, रंगाचे हात किती, पुट्टी धरून की सोडून, राडारोडा खाली नेण्याचा खर्च कोणाचा, हे सारे त्यात यावे. प्लायवुडवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि क्रमांक छापलेला असतो. आय.एस. ७१० म्हणजे मरीन प्रतीचे, आणि आय.एस. ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचे. दरपत्रकात हा क्रमांक लिहिला की ग्राहकाला स्वतः वाचून खात्री करता येते, आणि स्वस्त माल लावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी आपली तुलना उगीच होत नाही.

मोजमापाचा विषय याहून नाजूक आहे. रंगारी भिंत मोजताना दारे-खिडक्या वजा करीत नाही आणि ग्राहकाला वाटते आपण फसवले गेलो. वस्तुतः आय.एस. १२०० या मानकात बांधकाम कसे मोजावे याचे नियम दिलेले आहेत. गिलाव्याच्या कामात अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नसते. अर्ध्या ते तीन चौरस मीटरच्या उघड्या जागेची वजावट, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर, एकाच बाजूची करायची असते. कारण दाराच्या कडांना जी कारागिरी लागते, ती यात भरून निघते. हे आधी समजावून सांगितले तर बहुतेक ग्राहक मान्य करतात. देयक दिल्यावर सांगितले तर कोणीही मान्य करीत नाही. तीच गोष्ट कपाटाची : ते समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर मोजायचे की आतल्या खणांसह, हे ठरलेले असावे. लादीचीही तीच तऱ्हा. मुंबईत जिला लादी आणि पुण्यात जिला फरशी म्हणतात, ती 'दोन बाय दोन'ची लादी प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांहून थोडी कमी असते. शिवाय कापताना काही वाया जातात. किती खोकी लागतील हे वाया जाणारा माल धरून आधीच लेखी सांगावे.

सर्वांत अधिक पैसा बुडतो तो जादा कामात. "मिस्त्री, एवढी भिंत काढलीच आहे तर बाल्कनीच्या दाराचेही बघा ना," असे वहिनी चहा देता देता म्हणतात. चहा पिता पिता नाही म्हणणे कोणाही सभ्य माणसाला जड जाते. काम होते, त्याचा दर ठरत नाही, आणि शेवटच्या हिशेबात ते 'त्यातलेच' होऊन बसते. यावर एक साधा उपाय आहे. जादा कामाचे छोटे छापील पुस्तक खिशात ठेवावे. काम, रक्कम आणि वाढणारे दिवस लिहून सही घ्यावी, आणि मगच हातोडा उचलावा. भ्रमणध्वनीवरील लेखी संदेशाला आलेले 'ठीक आहे' हे उत्तरही पुष्कळ उपयोगी पडते. मात्र ते कामाआधीचे असावे.

भिंत बुजवण्यापूर्वी नळांची दाबचाचणी घ्यावी आणि नळ-तारांचे छायाचित्र टेप धरून काढावे. न्हाणीघराच्या जलरोधनानंतर लाद्या बसवण्याआधी दोन दिवस पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या मजल्यावरच्या रहिवाशांना दाखवून त्यांची नोंद घ्यावी. हे दोन दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. वरील उदाहरणातले पंचेचाळीस हजार रुपये नेमके याच दोन दिवसांत वाचतात. पुढे सहा महिन्यांनी ग्राहकाने चित्र टांगण्यासाठी भिंतीत भोक पाडले आणि नळ फुटला, तर ते छायाचित्रच दोघांमधला पंच असते.

काही कामे नाकारणे हाही व्यवसायाचाच भाग आहे. स्तंभ किंवा तुळई यांना धक्का लावणारा बदल, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरावर येणारे शौचालय, संस्थेच्या आणि महानगरपालिकेच्या परवानगीविना केलेली तोडफोड, यांना कितीही पैसे मिळाले तरी हात लावू नये. इमारत नवी असेल तर आणखी एक गोष्ट ग्राहकाच्या नजरेस आणून द्यावी. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचे असतात. अशा घराची गळती आपण पैसे घेऊन काढण्यापेक्षा ग्राहकाला आधी विकासकाकडे पाठवावे. एक काम जाते आणि त्या इमारतीतली पुढची दहा येतात.

माणसे आणि पंचांग

या व्यवसायाचे वेळापत्रक दिनदर्शिकेपेक्षा पंचांगावर अधिक चालते. शाळांना सुटी लागली की मे महिन्यात कामांची झुंबड उडते. पावसाळ्यात बाहेरचे रंगकाम थांबते. गणपतीपूर्वी आणि दिवाळीपूर्वी प्रत्येकाला घर रंगवून हवे असते. या दोहोंच्या मध्ये पितृपक्षाचा पंधरवडा येतो, तेव्हा नवे काम सुरू करायला कोणी तयार नसते आणि नवी आगाऊ रक्कमही येत नाही. जो दुसऱ्याच्या पैशावर पहिल्याचे काम चालवतो, तो नेमका याच पंधरवड्यात उघडा पडतो. कारागिरांचेही आपापले दिवस असतात. कोकणातला गवंडी गणपतीला थांबत नाही, बिहारचा रंगारी छठपूजेला थांबत नाही, आणि मुंबई-ठाण्यात ज्या राजस्थानी सुतारांवर फर्निचरचे पुष्कळसे काम अवलंबून आहे, ते सणाला गावी गेले की कधी परततील हे त्यांनाही सांगता येत नाही. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील वाचकांच्या अनुभवात नावे बदलतील, गोष्ट बदलणार नाही. ग्राहकाला तारीख देताना हे दिवस वजा करून द्यावी. उशीर झाल्यावर कारण सांगणाऱ्यापेक्षा आधीच लांबची तारीख देणारा माणूस लोकांना अधिक आवडतो, असा अनुभव आहे.

मजुरी दर आठवड्याला, ठरल्या दिवशी आणि शक्यतो खात्यात द्यावी. कारागिराला दिलेली उचलही त्याच्या नावावर लिहून ठेवावी. शिडीवर किंवा खिडकीबाहेर काम करणाऱ्या माणसाला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंत्राटदारावर येऊ शकते, याचा विसर पडू नये. त्यासाठी योग्य विमा घ्यावाच. शिवाय ज्याचे बँकेत बचत खाते आहे अशा १८ ते ७० वयाच्या प्रत्येकाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला अवघ्या २० रुपयांत दोन लाखांपर्यंतचे अपघाती संरक्षण मिळते. आपल्याकडच्या दहा माणसांचा हप्ता दोनशे रुपये होतो. तेवढा कंत्राटदाराने स्वतः भरला तर कोणी नको म्हणणार नाही. महाराष्ट्रात वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी लागणारा दाखला देण्यास टाळाटाळ करू नये.

बँक काय पाहते

कंत्राटदाराकडे गहाण ठेवण्याजोगा मालसाठा फारसा नसतो. गोण्या आज येतात आणि उद्या भिंतीत जातात. त्यामुळे बँक पाहते ती खात्यातली उलाढाल, विवरणपत्रे आणि कामनिहाय हिशेब. नायक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या पद्धतीनुसार लहान उद्योगांना अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के इतकी खेळत्या भांडवलाची मर्यादा मोजली जाते. उलाढाल ४० लाखांची असेल तर ही मर्यादा आठ लाखांची होते. परंतु त्या चाळीस लाखांपैकी पंचवीस लाख रोखीने खात्याबाहेर फिरले असतील तर बँकेच्या दृष्टीने उलाढाल पंधराच लाखांची, आणि मर्यादा तीन लाखांची. रोखीच्या व्यवहारात वाचवलेला कर हा असा दुसऱ्या दाराने परत जातो.

उद्यम नोंदणी विनामूल्य आणि घरबसल्या होते. प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण या वर्गांत तारणाविना कर्ज मिळते. तरुण वर्गातील कर्ज व्यवस्थित फेडणाऱ्यांसाठी २०२४ पासून ही मर्यादा २० लाखांपर्यंत वाढवण्यात आली आहे. सुतार आणि गवंडी हे १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत येतात. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व पुढे दोन लाखांचे कर्ज अशी तरतूद आहे. हाताखालच्या होतकरू कारागिराला ही माहिती देणारे कंत्राटदार थोडे असतात. तो स्वतंत्र होईल अशी भीती त्यांना वाटते. तो कधी ना कधी होणारच असतो.

व्यवसायासाठी स्वतंत्र चालू खाते उघडावे आणि घरखर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कम त्यातून आपल्या बचत खात्यात घ्यावी. तिला पगार समजावे. कराची रक्कम आली त्याच दिवशी वेगळी काढावी. प्रत्येक घराच्या वहीत पहिल्या पानावर तेच दोन रकाने असावेत, आलेले पैसे आणि झालेले काम, आणि ते दर शनिवारी, मजुरी वाटण्यापूर्वी, भरावेत. मजुरी वाटल्यानंतर बसलेला माणूस हिशेब करीत नाही, जेवायला जातो.

आता दोन शब्द ज्या वाचकांच्या घरी काम निघणार आहे त्यांच्यासाठी. घरदुरुस्तीसाठी बँकांकडून कर्ज मिळते, आणि त्यासाठी लागणारे तपशीलवार अंदाजपत्रक हेच कंत्राटदाराची पारख करण्याचे पहिले साधन आहे. जो ते लिहून देऊ शकत नाही, त्याच्या हाती हातोडा देऊ नये. तीन दरपत्रकांपैकी सर्वांत स्वस्त दरपत्रकात काय लिहिलेले नाही, ते आधी वाचावे. कामाच्या तुलनेत फार पुढे पैसे देऊ नयेत, आणि फार मागेही ठेवू नयेत. राहिलेल्या दोषांची यादी एकदाच, एका कागदावर करावी, तिच्यावर दोघांनी सह्या कराव्यात आणि यादी संपली त्या दिवशी शेवटचा हप्ता द्यावा. जलरोधनासारख्या कामाची खात्री पटायला एक पावसाळा जावा लागतो. त्यापुरती छोटी रक्कम राखून ठेवायची असेल तर ती पहिल्या दिवशीच्या कागदात, रकमेसह आणि परत देण्याच्या तारखेसह लिहावी. त्या सुतार कंत्राटदारांच्या छापील दरपत्रकात हे कलम आता शेवटून दुसरे आहे. शेवटचे कलम असे आहे, की कामाच्या काळात चहा कंत्राटदार स्वतः आणील.